'@रीबूट'ची एक ओळ पुरत नाही

लिनक्स मशीन सुरू होताच एखादा प्रोग्रॅम आपोआप चालावा म्हणून क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या 'क्रॉन'च्या यादीत) '@रीबूट'ची एक ओळ टाकली की काम झालं, असं एका लेखात म्हटलंय. ते घरच्या लॅपटॉपपुरतं ठीक आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत भट्टीचं तापमान नोंदवून सर्व्हरला पाठवणाऱ्या छोट्या लिनक्स मशीनवर ते दगा देतं. वीज आली की मशीन बऱ्याचदा राउटरच्या आधी उठतं. क्रॉन नेटवर्कची वाट बघत नाही, पडलेला प्रोग्रॅम पुन्हा उचलत नाही. शिवाय त्याचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, इतका तोकडा असतो, की टर्मिनलवर बिनतक्रार चालणारी कमांड तिथे सापडतच नाही. कमांडचा पूर्ण पत्ता लिहायलाच हवा.

त्यापेक्षा सिस्टमडीची (लिनक्सवरचे प्रोग्रॅम सुरू करून सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस, म्हणजे प्रोग्रॅम कसा चालवायचा ते सांगणारी फाइल, लिहा, दहा ओळींचं काम आहे. पण तिच्यात 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' (पडलं तर पुन्हा सुरू कर) लिहून निर्धास्त होऊ नका, खरी मेख पुढे आहे. दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर फक्त 100 मिलिसेकंद, आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू होऊन पडलं की सिस्टमडी नाद सोडतं. म्हणजे राउटर जागा व्हायच्या आत पाचही संधी संपल्या! 'रीस्टार्टसेक=15', म्हणजे 15 सेकंदांचं अंतर, ठेवलं की ती मर्यादा गाठलीच जात नाही. 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' (नेटवर्क जोडलं गेल्याचा टप्पा) हे 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हींत लिहा. 'आफ्टर' नुसता क्रम लावतं, टार्गेट ओढून आणत नाही; ते काम 'वॉन्ट्स'चं. 'इनेबल' (बूटला आपोआप सुरू करण्याची कमांड) विसरलात तर आज चाललेली सर्व्हिस पुढच्या बूटला उठणारच नाही, म्हणून एकदा रीबूट करून 'जर्नलसीटीएल -बी'मध्ये (चालू बूटच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) तिच्या नोंदी बघाच.