साइट माउसशिवाय चालवून दाखवा

आपल्याकडे सध्या एक वाद जोरात आहे: एआय मिनिटभरात साइट बनवून देत असेल, तर विद्यार्थ्यांनी एचटीएमएल-सीएसएसची (वेब पानाची रचना आणि रूप लिहिण्याच्या भाषांची) प्रॅक्टिकल्स कशाला करायची? जर्मनीतून हा वाद वाचताना मला वाटतं, प्रॅक्टिकल हवंच. पण त्यात आपण तपासतो काय? कोडची प्रिंट जर्नलमध्ये, खाली स्क्रीनशॉट, की झाली सही. स्क्रीनशॉटवरून साइट दिसते कशी ते कळतं, चालते कशी ते नाही. माउस धरता न येणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या माणसाला ती वापरता येते का, हे तर नाहीच.

एक साधा फॉर्म घ्या: नाव, फोन, पत्ता आणि ‘पाठवा’ बटण. माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब दाबत पुढे जा. आपण कुठल्या रकान्यात आहोत हे दिसत नसेल, तर बहुधा कुणीतरी ‘बरं दिसत नाही’ म्हणून सीएसएसमधून फोकसची चौकट, म्हणजे निवडलेल्या रकान्याभोवतीची रेघ, काढून टाकलेली असते. टॅब ‘पाठवा’वर थांबतच नसेल, तर बहुधा ते खरं बटण नाही, बटणासारखा रंगवलेला डिव्ह, म्हणजे नुसता चौकोनी कप्पा आहे. लेबलऐवजी रकान्यातच फिकट सूचना लिहिली असेल, तर पहिलं अक्षर टाइप करताच ती नाहीशी होते, आणि अर्ध्यावर थांबलेल्या माणसाला तिथे काय लिहायचं होतं ते आठवत नाही.

मग १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत झूम ४०० टक्के करा. आता पानाला ३२० पिक्सेलच उरतात. रकान्यांची रुंदी पिक्सेलमध्ये बांधून ठेवली असेल, तर प्रत्येक ओळ आडवी सरकवत वाचावी लागते. पांढऱ्यावर #९९९९९९ या कोडचा राखाडी रंग मोजून बघा: कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, २.८५ भरतो, साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. मराठी पानाची परीक्षा आणखी कडक. ओळींची उंची १.२ ठेवली, तर बऱ्याच फॉन्टमध्ये वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात, १.६च्या आसपास ती मोकळी होते. अक्षरा-अक्षरांमध्ये जागा वाढवली की बऱ्याच फॉन्टमध्ये शिरोरेखा तुटते. इंग्रजी पानांवरून उचललेले आकडे इथे चालत नाहीत.

२८ जून २०२५ पासून युरोपीय संघात ऑनलाइन दुकानं आणि बँकसेवा अपंगांना वापरता येतील अशा ठेवण्याची कायदेशीर सक्ती आहे. म्हणून इथलं, जर्मनीतलं सगळं आदर्श, असं मात्र नाही. स्वयंचलित तपासणीत हिरवी खूण आली की काम संपलं, हा समज इथेही आहे. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी लिहिलेलं वर्णन, आहे की नाही हे तपासणीचं साधन सांगतं. तो ‘फोटो १’ असा निरर्थक आहे, हे माणसालाच कळतं. आणि कायद्यात भारत मागे नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अडतं ते प्रयोगशाळेत.

एका बॅचला साठ मुलं आणि दोन तास असताना शिक्षक प्रत्येकाची साइट चालवून कधी बघणार, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी साइट्सची अदलाबदल करा. शेजाऱ्याचा फॉर्म कीबोर्डवरून भरायचा, अडलं तिथली ओळ कोडमध्ये शोधायची आणि जर्नलमध्ये प्रिंटऐवजी ती ओळ, कारण आणि दुरुस्ती लिहायची. एआयने लिहून दिलेल्या कोडलाही हाच नियम.