अपडेट मारलं, आता भोगा

मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली, की नेमकं तेव्हाच कुणाला तरी काँप्युटर अपडेट करायची हुक्की येते. लातूरच्या एका आडतीवर काट्याचं वजन वाचणारा जुना सी प्रोग्राम आहे. वर्षानुवर्षं मुकाट चालला बिचारा. नवी सिस्टिम टाकली, सोबत जीसीसी १४ (सी कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) आलं, अन् प्रोग्राम नव्यानं बनवायला ‘मेक’ मारताच पडद्यावर लालच लाल: ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’, म्हणजे फंक्शन आधी जाहीर न करताच वापरलंय. अरे, कालपर्यंत ही नुसती वॉर्निंग होती! तसं कंपायलरचं चुकलं म्हणता येत नाही. सी९९नं, म्हणजे सी भाषेच्या १९९९च्या मानकानं, ही सवलत कधीच काढली. जीसीसीनंच २०२४पर्यंत सांभाळून घेतलं. पण कोड लिहिणारा गेला पुण्याला, फोन उचलत नाही.

फंक्शन जाहीर करणारे हेडर जोडले, तर प्रोग्रामचे तुकडे सांधणारा लिंकर रडायला लागला: ‘मल्टिपल डेफिनिशन’. पठ्ठ्यानं ग्लोबल व्हेरिएबल थेट हेडरमध्ये ठेवलेलं, म्हणजे हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलीत त्याची वेगळी प्रत. जीसीसी १०पासून हे लाड बंद. कसंबसं बिल्ड करून पेनड्राइव्हनं शेजारच्या जुन्या मशीनवर नेलं, तर तिथं ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’, म्हणजे तिथली सी लायब्ररी जुनी. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आत शेटजी माझ्यावरच: “चांगलं चालू होतं, तुम्ही कामून हात लावला?”

मी? अपडेट त्यांच्याच पोरानं मारलं होतं!