आजीची विडी आणि कण्हेरीची चूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक ठाणेकर’ यांस,

ठाण्याच्या येऊर जंगलातल्या पावसाळी फेरीतल्या विषारी झाडांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. कण्हेरीचं विष अल्कलॉइड (झाडातलं नायट्रोजनयुक्त रसायन) नव्हे, हा पहिला मुद्दा. तुमच्या आजीचा दमा धोत्र्याच्या पानांच्या विडीनं बसायचा, मग ती अडाणी होती का, हा दुसरा. आणि झाडपाल्याची भीती घालून मी औषध कंपन्यांची तळी उचलतो, हा तिसरा.

कण्हेरीचं तुमचं बरोबर. तिचं विष ओलिअँड्रिन, हे हृदयाला बाधणारं ग्लायकोसाइड, म्हणजे साखरेचा रेणू जोडलेलं रसायन आहे. त्यात नायट्रोजनच नाही, तर अल्कलॉइड कुठून होणार? मी सगळी विषं एकाच माळेत ओवली. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता आजी. अडाणी मुळीच नाही. धोत्र्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असतं. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत, ग्रंथींपर्यंत पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलिनची वाट ती अडवतात. श्वासनलिका सैल पडते, स्राव आटतो, धाप बसते. आजच्या काही इनहेलरमध्ये इप्राट्रोपियम असतं, ते ॲट्रोपिनवरूनच बेतलेलं. पण त्याच्या रेणूवर कायमचा विद्युतभार आहे, त्यामुळे ते रक्तात फारसं उतरत नाही आणि मेंदूपर्यंत जवळजवळ जातच नाही. विडीतलं ॲट्रोपिन जातं. धोत्रा चढलेला माणूस पाहिलाय का कधी? तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेलं, आणि हवेत नसलेलंच काहीतरी चिमटीत पकडत बसलेला. विडीत पानं किती भरायची हा आजीचा हातखंडा असेल, मान्य. पण त्या पानात ॲट्रोपिन किती, हे झाडागणिक आणि हंगामागणिक बदलतं. ते तिला कुणी सांगायचं?

याच ॲट्रोपिनची दुसरी तऱ्हा गावाकडच्या दवाखान्यात दिसते. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक पोटात गेलं, की अंगात ॲसिटिलकोलिन तुंबतं. तोंडातून लाळ, फेस. छाती पाण्यानं घरघरते. डॉक्टर दर काही मिनिटांनी मात्रा वाढवत ॲट्रोपिन टोचत राहतात, छाती कोरडी होईपर्यंत. धडधाकट माणसाला भ्रमिष्ट करील एवढी मात्रा तिथे पेशंटला परत आणते. झाडपाल्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मात्रा कुणी मोजली, एवढंच विचारतोय.

तळी उचलण्याबद्दल. सर्पगंधा आपल्या वैद्यांकडे पिढ्यान् पिढ्या होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या पेशंटना देऊन, नोंदी ठेवून, 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. मग जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. पुढे ते घेणाऱ्या काहींना नैराश्य येतं असंही दिसलं, तेही नोंदी ठेवल्यामुळेच.

आणि तुम्ही जाता जाता सदाफुलीचा दाखला दिलात. उपवन तलावावर सकाळी फिरणाऱ्यांत ही टूम मीही पाहतो. कुंडीतली चार पानं खुडायची, चावायची, ‘साखर उतरते’ म्हणायचं. गंमत अशी, की कॅनडात नोबल आणि बीअर यांचं संशोधनही सदाफुलीच्या याच ख्यातीपासून सुरू झालं. उंदरांची साखर काही हलली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती लागलं. मागोमाग आलेलं व्हिन्क्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. पेशी दुभंगताना जे सूक्ष्म धागे लागतात, ते ही औषधं जुळू देत नाहीत. मज्जातंतूंनाही तेच धागे लागतात, म्हणून व्हिन्क्रिस्टिन चालू असताना हातापायांना मुंग्या येतात.

चार पानांनी असं काही होणार नाही, हे तुमच्या बाजूनं मीच सांगतो. ग्रॅमभर व्हिन्क्रिस्टिन काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. पण त्या पानांत शंभराहून जास्त अल्कलॉइड आहेत, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना वरून हेही घेतलं, तर काय झालं हे डॉक्टरला ओळखता यायला हवं. तुम्ही स्वतः चावत असाल, तर पुढच्या तपासणीत त्यांना तेवढं सांगा.