'जर्नल्स फुकट झाली, मग लायब्ररीला बजेट कशाला?'

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. संशोधन आता ओपन ॲक्सेस, म्हणजे नेटवर सगळ्यांना खुलं झालं, उरलेल्याचं बिल 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या जर्नल्सच्या एकत्रित वर्गणीच्या केंद्रीय योजनेतून सरकारने भरलं, सबब लायब्ररीचं जर्नल्सचं बजेट बंद करा. मुंबईतल्या एका लायब्ररीत ही बिलं रोज हाताळतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'ओपन म्हणजे फुकट.' वाचणाऱ्याला फुकट, हो. लेख छापून घेणाऱ्या लेखकाला बऱ्याच ठिकाणी फी पडते, तिला एपीसी म्हणतात. 'नेचर'ने 2020च्या अखेरीस जाहीर केलेला दर लेखामागे 9,500 युरो होता! म्हणजे खर्च लायब्ररीच्या खात्यातून उठून संशोधन प्रकल्पाच्या खात्यात गेला. हायब्रिड जर्नलची, म्हणजे ज्यात काही लेख खुले आणि बाकीचे वर्गणीवर असतात त्याची, तर वर्गणीही चालू आणि लेखकाची फीही. संस्था एकाच जर्नलला दोनदा पैसे देतेय हे कळायला दोन्ही बिलं एका टेबलावर यावी लागतात. ती येत नाहीत.

'सरकारने बिल भरलं.' अर्धं खरं. 2025 ते 2027 साठी 6,000 कोटी, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल्स. योजना चांगलीच आहे. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता. शिवाय पुस्तकं आणि यादीबाहेरची जर्नल्स ज्याची त्याने घ्यायची.

'लायब्ररीवाले रिन्यूअलवर नुसती सही ठोकतात.' हे मात्र झोंबलं. वर्गणीचं वर्ष जानेवारीचं, आपलं बजेट एप्रिलचं. कोटेशन डॉलरमध्ये, मंजुरी रुपयांत. रुपया घसरला की एखादं जर्नल तिथेच गळतं. मग वापराचा अहवाल काढायचा. समजा वर्गणी दोन लाख आणि वर्षभरात डाउनलोड चाळीस, तर लेख पाच हजाराला पडला. त्या चाळिसातले पंचवीस नेटवर अधिकृतपणे खुले निघाले, तर उरलेल्या पंधरांसाठी दोन लाख मोजायचे का? तिथे जर्नल बंद करून लेख दुसऱ्या लायब्ररीकडून मागवलेले परवडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ 2019मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाच्या करारातून बाहेर पडलं आणि 2021मध्ये वाचन नि प्रकाशन दोन्ही धरून नवा करार करून परतलं. इतकी घासाघीस करायला हातात आकडे लागतात.

'बजेट बंद केलं की पैसे वाचतील.' कण-भौतिकीत स्कोप-3 नावाची व्यवस्था 2014पासून चालू आहे. जगभरच्या लायब्रऱ्यांनी वर्गणीचे पैसे एकत्र केले, त्यातून जर्नल्स खुली झाली. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या संशोधकाने तिथे लेख दिला तरी त्याला फी पडत नाही. हे लायब्रऱ्यांच्या बजेटमधूनच उभं राहिलं.

तेव्हा बजेट छाटण्याआधी एक करा: एपीसीचं प्रत्येक बिल मंजुरीपूर्वी लायब्ररीकडे पाठवा. वर्षभर आकडे जमू द्या, मग कात्री कुठे लावायची ते आम्हीच दाखवू.