फुल तिकिटाला झोका नाही

परवा भर संध्याकाळी, गल्लीतल्या बायकांसमोर, माझ्यावर शिट्टी वाजवण्यात आली. कॉलेजच्या कट्ट्यावरून वाजते ती नव्हे. ती वाजली असती तर या वयात मी आठवडाभर खूश राहिले असते. ही पिवळ्या प्लास्टिकची, आतली गोळी खडखडवणारी, हवालदारी शिट्टी. वाजवणारे आमच्या गल्लीतले आप्पा. आणि माझा गुन्हा काय, तर आखाजीला माहेरी आले असताना मी ओपन स्पेसमधल्या झोक्यावर बसले.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. अक्षय्य तृतीयेला उरलेला महाराष्ट्र सोनं घेतो, आम्ही झोका घेतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, सांजोऱ्या होतात आणि निंबाच्या फांदीला दोर बांधून आया, मावश्या, आज्या झोके घेत गाणी म्हणतात. माझी आजी काष्टा आवळून असा झोका चढवायची की खाली उभ्या सुनांनी डोळे मिटून घ्यावेत. तिला कोणी वय विचारलं नाही. विचारलं असतं तर विचारणाऱ्याच्या सात पिढ्या निघाल्या असत्या.

तो निंब आता नाही, रस्त्यात गेला. उरली ओपन स्पेस. जळगावात कॉलनीतल्या मोकळ्या जागेला कोणी बाग म्हणत नाही, मैदान म्हणत नाही. पाच वर्षांचं पोरगंही ‘ओपन स्पेसवर जातो’ म्हणून बाहेर पडतं. लेआउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. आमच्या या मोकळ्या जागेत मारुतीचं मंदिर आहे, मंदिराचा सभामंडप आहे, मंडपाला खेटून बोअरची मोटर आहे, विजेची डीपी आहे, गेल्या नवरात्रातले बांबू आहेत आणि ओपन जिमची यंत्रं आहेत, ज्यांच्यावर सकाळी पापड वाळत असतात. या सगळ्यांची वाटणी होऊन जो कोपरा उरला, त्यात एक घसरगुंडी आणि दोन झोके. घसरगुंडी फायबरची. मूळचा लाल रंग उन्हाने विटून फिकट गुलाबी झालाय आणि मधोमध तडा गेलाय. त्या तड्यात पोरांच्या चड्ड्या अडकायच्या, म्हणून कोणीतरी फ्लेक्सचा तुकडा कापून वर चिकटवलाय. तुकड्यावर मागच्या निवडणुकीतल्या कुण्या उमेदवाराचा एक कान आणि जोडलेले हात आहेत. गल्लीतली पोरं रोज त्या नमस्कारावरून घसरतात.

पारा 44 वर. त्यामुळे दिवे लागेपर्यंत तिथे कुत्रंही फिरकत नाही. सातनंतर सगळं एकदम जिवंत होतं. मी माझ्या लेकीला घेऊन गेले. एका झोक्यावर ती बसली, दुसरा रिकामा होता. रिकामा! मी बसले. पाय जमिनीवरून उचलले, एक झोका मागे गेला, आणि फुर्रर्र.

‘ओ बाई! उतर! झोका पोरेसना शे!’

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर त्यांनी दोरी ओढून घंटी वाजवली. शिट्टी फक्त गाडी रिव्हर्स घेताना. पण यंदा ते तीन महिने मुंबईला मुलाकडे, नायगावच्या पोलीस लाइनीत राहून आले. तिथे नातवाला घेऊन रोज एकेक बाग पाहिली आणि बागांमधली सगळ्यांत थोर गोष्ट त्यांना कोणती वाटली, तर रखवालदाराची शिट्टी. हिरवळीवर बसलं, शिट्टी. बॉल काढला, शिट्टी. जोडपं जरा जवळ सरकलं, लांब शिट्टी. येताना दादर स्टेशनबाहेरून त्यांनी स्वतःची घेतली आणि ओपन स्पेसचा चार्ज घेतला. कोणी दिला नव्हता. कोणी काढूनही घेतला नाही. आमच्याकडे चार्जचं असंच असतं.

‘आप्पा, मी आहे,’ मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर केला. ‘मास्तरनी पोर ना वं तू? कवय उनी?’

‘कालच आले. आखाजीला.’

‘बरं बरं. बस.’ मी बसलेलीच होते. ‘आठे नहीं. बाकवर बस. तुनं वय कितलं?’

आजूबाजूच्या बायकांच्या गप्पा थांबल्या. आप्पांनी उत्तराची वाट पाहिली नाही, इतकी वर्षं प्रवाशांच्या चेहऱ्यावरून वय काढलेला माणूस. ‘पाच ते बारा हाफ. बारानंतर फुल. फुल तिकिटले झोका नहीं.’

मी विचारलं, हा नियम कुठला? ते म्हणाले, ‘मुंबईना. तुले काय माहीत!’

आता इथे माझं डोकं फिरलं. लग्न झाल्यापासून मी बोरिवलीला राहते. मुंबईतल्या बागा मी लेकीच्या बाबागाडीपासून झिजवल्या आहेत. तरी तीन महिन्यांचा मुंबईकर मला, बायको जशी माहेरचं सांगते तशी, मुंबई सांगत होता.

आणि काय सांगणं! ‘मलबार हिलले जाय. हँगिंग गार्डन. खाले पानी, वर बाग!’ हे त्यांनी हातवारे करून इतक्यांदा सांगितलं की शेवटी बायका खाली बघू लागल्या. माहिती खरी आहे. ती बाग 1881 मध्ये पाण्याच्या जलाशयावर केलेली आहे, फिरोजशहा मेहता उद्यान म्हणतात तिला, झुडपं कापून जनावरांचे आकार केलेत. ‘मोठ्ठी टाकी, तिच्यावर माती, मातीवर हत्ती!’ आप्पांचा आवाज भरून आला. ‘आन आपली टाकी पाय. टाकीमाच पानी नहीं, तं वर हत्ती कोठून येई?’ यावर मात्र सगळ्या बायकांनी माना डोलावल्या, कारण दुसऱ्या दिवशी नळाची पाळी होती आणि मोटरी लावायला पहाटे उठायचं होतं. मग पंधरा मिनिटं पाण्यावर चर्चा झाली. मी झोक्यावरच होते. उतरले नव्हते, पण झोका घेणंही बरं दिसेना, म्हणून नुसती दोन साखळ्या धरून मधोमध बसून राहिले.

मग समोरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आला. बुटात जिना आहे, हे आप्पांनी गुपित असल्यासारखं सांगितलं. मग राणीची बाग, 1862 सालची. तिथले पेंग्विन म्हणजे आप्पांचं दुखरं गळू. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन 2016 मध्ये कोरियाहून आणले, पुढच्या वर्षी लोकांना दाखवायला सुरुवात झाली. मूळचे ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या खोलीत सोळा-अठरा अंश ठेवावे लागतात. आप्पांनी काचेला नाक लावून पाहिलं होतं. ‘पक्षीले एसी शे! मी नोकरी करी एसटीमा, इंजिनवर बसीसन. बॉनेटवर डबा गरम व्हये. माले कोन्ही पंखा दिन्हा नहीं.’

इथे मला त्यांचं पटायला लागलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहून पुन्हा शिट्टी तोंडात धरली.

मीही काही कमी नाही. म्हटलं, आप्पा, तुम्ही पाहिलं ते वर्षातून एकदा पाहायचं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली वनराणी, पोरांची छोटी आगगाडी, 2021 च्या तौक्ते वादळात रुळांची वाट लागून बंद पडली; माझी लेक त्या गाडीत बसायच्या वयाची होती तेव्हा आम्ही तिला नुसते रूळ दाखवले. शिवाजी पार्काला 1925 पासूनचा इतिहास आहे, पण तिथल्या लाल मातीच्या धुळीने रहिवासी वर्षानुवर्षं खोकताहेत. समुद्राच्या खाऱ्या हवेने झोक्यांच्या साखळ्या अशा गंजतात की पोरगं उतरलं की हात आणि फ्रॉक दोन्ही तांबडे. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘गंजस, म्हनजे साखळी शे. आठे साखळीच चोरी जास.’

खरं आहे. दुसऱ्या झोक्याची एक साखळी नायलॉनच्या दोरीची होती. मी त्याच झोक्यावर बसले होते.

तेवढ्यात आप्पांच्या घरच्या, आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणतो, शेंगा सोलता सोलता बाकावरून म्हणाल्या, ‘तठे हिरवळवर आडवा पडनात ना तुम्ही? मंग शिट्टी कोनी खाई?’ बायका फिदीफिदी हसल्या. आप्पा ऐकू न आल्यासारखे डीपीकडे पाहायला लागले. मुलाने त्यांना एका ठिकाणी फॅमिली तिकिटावर नेलं, तेव्हा आईबाप आणि दोन मुलं एवढीच फॅमिली धरली गेली आणि आप्पांचं वेगळं तिकीट फाडलं, हेही जिजींनीच सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडलेल्या माणसाला ते फार लागलं असणार. पण म्हणून त्याचा वचपा माझ्यावर?

मग मी हुकमाचा पत्ता काढला. म्हटलं, आप्पा, 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना हाफ तिकीट आहे. हो की नाही?

‘शे.’

‘कुठल्याही वयाच्या बाईला?’

‘शे.’

‘मग मी हाफ. आणि हाफला झोका आहे.’

आप्पा थांबले. शिट्टी तोंडातून निघून दोरीवर लोंबकळली. गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्या बाजूने झाल्या. शेजारची वहिनी तर पदर खोचून रांगेला लागली, मागोमाग तिची सासू. एक क्षण असा आला होता की त्या संध्याकाळी आमच्या ओपन स्पेसमध्ये पुन्हा आखाजी झाली असती. मी तर पुढे जाऊन हेही सांगितलं की पंचाहत्तरच्या वर एसटी फुकट आहे, 2022 पासून, तेव्हा आप्पा, माझ्यानंतर तुम्ही बसा, तुमचं तर तिकीटच नाही.

त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. झोक्याकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं, नायलॉनच्या दोरीची गाठ ओढून पाहिली. आणि मग त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला.

‘आधार कार्ड दखाड.’

‘काय?’

‘सवलत पाहिजे तं ओळखपत्र पाहिजे.’

मोबाइलवर होतं. दाखवलं. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून वाचलं. ‘पत्ता बोरिवलीना लिखेल शे. मंग तू आठली कशी? ओपन स्पेस रहिवासीसनी शे.’ आणि मोबाइल परत देऊन, शांतपणे, तिकीट पंच केल्यासारखं म्हणाले, ‘उतर.’

मी उतरले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी सगळे हसले, मीही हसले. लग्नानंतर रेशन कार्डातून नाव कमी झालं, मतदार यादीतून गेलं, बँकेत पत्ता बदलला, तेव्हा काही वाटलं नाही. कामं असतात, करायची असतात. बोरिवलीत सोसायटीच्या बागेत बसले तर म्हणतात, मॅडम, हा एरिया किड्सचा आहे, बेंच सीनियर सिटिझनचे आहेत. तिथे मी मुलीची आई म्हणून कडेला उभी, सगळ्यांच्या पिशव्या धरून. बायकांनी वय झाल्यावर कुठे बसायचं, याचा बोर्ड अजून कोणत्याच बागेत लागलेला नाही. आणि ज्या एका सणाला आमच्या मुलखात बाईने झोक्यावर बसायचंच असतं, तिथे पत्त्याचा पुरावा! माझी आजी असती तर तिने आप्पांना शिट्टीसकट झोक्यावर बसवून ढकललं असतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, ‘तू तरी चार माणसांत कशाला बसायला गेलीस?’ आईला मी काही बोलले नाही. मांड्याच्या ताटात आमरस जरा जास्त वाढून घेतला.

मुंबईला निघायच्या दिवशी आप्पांचा नातू दारात. सुट्टीला आला होता, परत जायचा होता. म्हणाला, आजोबांनी निरोप दिलाय. त्यांच्या शिट्टीतली गोळी उन्हाने चिकटून बसलीय, नीट वाजत नाही. धोबी तलावाला खेळाच्या सामानाची दुकानं आहेत ना, तिथून एक स्टीलची पाठवा. पैसे ते देतील. बिल मात्र आणा म्हणाले.

मी अजून हो म्हटलेलं नाही.