'फक्त तीन पार्ट' म्हणे!

व्हिडिओंमधून फिरणारं हे 'फक्त तीन पार्टमध्ये ऑडिओ अॅम्प्लिफायर' (गाण्याचा आवाज वाढवणारं सर्किट) प्रकरण ज्याने कोणी चालू केलंय ना, त्याला एकदा समोर बसवून तेच सर्किट जोडायला लावलं पाहिजे, आणि ट्रान्झिस्टर मी देणार, दुकानातल्या पुडीतला, हाताला लागेल तो. मग बघू कसं वाजतंय ते.

डोकं फिरलंय अक्षरशः. सर्किट काय तर बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (पाय तीन: कलेक्टर, बेस, एमिटर; बेसला दिलेला छोटा करंट कलेक्टरचा मोठा करंट चालवतो), ९ व्होल्टची बॅटरी, प्लसपासून कलेक्टरला १ के म्हणजे १ किलोओहमचा रेझिस्टर, आणि प्लसमधून सरळ बेसला एक २२० के. सगळं जागेवर, कंडेन्सरचं प्लस-मायनस बरोबर, आणि हेडफोनमधून नुसती फाटकी खरखर. ज्याला विचारावं तो म्हणतो कनेक्शन लूज असेल, सोल्डरिंग नीट कर. अरे कनेक्शन नाही लूज! मीटर लावला तर कलेक्टरवर ०.१५ व्होल्ट. म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण ऑन होऊन पडलाय, गाण्याला वर-खाली व्हायला जागाच नाही, तर आवाज येणार कुठून?

आणि हे का होतं ते एकही माणूस सांगत नाही. बीसी ५४७ ला ए, बी, सी असे प्रकार असतात, ए चा गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरला वाहतो तो आकडा) ११० ते २२०, बी चा २०० ते ४५०, सी चा पार ८०० पर्यंत. २२० के मधून बेसला जातात साधारण ३८ मायक्रोअॅम्पिअर. गेन १२० असेल तर कलेक्टरला साडेचार मिलिअॅम्प, तिथे बरोबर साडेचार व्होल्ट राहतात, एकदम मस्त. पण गेन ४०० चा निघाला की ते मागतं १५ मिलिअॅम्प, आणि १ के मधून ९ मिलिअॅम्पच्या वर येऊच शकत नाही, संपला विषय. म्हणजे ज्याने व्हिडिओ बनवला त्याच्या हाताला बरा तुकडा लागला म्हणून त्याचं वाजलं! आणि दुकानात विचारा ए आहे का सी, तर उत्तर ठरलेलं, 'सगळे सेमच असतात.' वर २एन २२२२ हा दुसराच ट्रान्झिस्टर पण टेकवतात त्याच्या जागी, ज्याचे पाय बहुतेक वेळा उलटे, चपटी बाजू समोर धरली की ५४७ चे कलेक्टर-बेस-एमिटर आणि याचे एमिटर-बेस-कलेक्टर.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो माहितीये? उपाय फुकटचा आहे. तोच २२० के, त्याचं प्लसला लावलेलं टोक काढायचं आणि कलेक्टरला लावायचं, बस. करंट वाढला की कलेक्टरचा व्होल्टेज खाली येतो, मग बेसचा करंट आपोआप कमी होतो, सर्किट स्वतःला सावरतं. गेन १२० असला तर कलेक्टरवर सहाच्या आसपास, ४०० असला तर साडेतीनच्या आसपास, दोन्ही चालतात. पार्ट तेवढेच, खर्च शून्य, आणि तरी वर्षानुवर्षं तेच भिकार चित्र एकमेकांचं कॉपी करून फिरवतायत. शाळेतली पोरं खाऊच्या पैशातून सामान आणतात, वाजलं नाही की 'आपल्याला जमत नाही' म्हणून कायमचं सोडून देतात, त्याचं कोणाला काही वाटतं की नाही?

त्यात काही महाभाग त्याच ५४७ च्या कलेक्टरला ८ ओहमचा स्पीकर डायरेक्ट लावून दाखवतात. अहो त्या ट्रान्झिस्टरची लिमिट १०० मिलिअॅम्प, आणि ९ व्होल्टला ८ ओहम म्हणजे हिशोबाने अॅम्पिअरच्या वर! ट्रान्झिस्टर तापतो, बॅटरी बसते, स्पीकरच्या कॉइलमधून फुकटचा डीसी (एकाच दिशेचा करंट) वाहत राहतो, आणि व्हिडिओत मात्र खणखणीत गाणं. स्पीकर वाजवायचाय तर पुढे पॉवर स्टेज, म्हणजे जास्त करंट देणारा भाग, लागतो, बीडी १३९-१४० या ट्रान्झिस्टरांची जोडी लावा नाहीतर सरळ एलएम ३८६ हा तयार अॅम्प्लिफायर आयसी घ्या, पण तसं तोंडाने सांगा ना!

सर्किट टाकायचं तर कलेक्टरवर किती व्होल्ट दिसायला पाहिजेत तो एक आकडा लिहा, ट्रान्झिस्टरच्या पायांचं चित्र द्या आणि गेन कितीचा धरलाय ते सांगा. नाही जमत? मग वर 'बिगिनर्ससाठी' लिहू नका.