‘आतड्यात साचलेला मळ’ आणि रोज रात्रीचं चूर्ण: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुन्हा पुन्हा येत राहतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. आतड्याच्या भिंतीला पाच-दहा किलो जुना मळ चिकटलेला असतो आणि सगळे रोग तिथूनच सुरू होतात. रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे. त्यासाठी रोज रात्री चमचाभर सोनामुखीचं चूर्ण कोमट पाण्यातून घ्या, महिन्यातून एकदा एरंडेल घ्या. नैसर्गिक आहे, त्यामुळे अपाय नाही आणि सवयही लागत नाही. आम्लपित्तावर थंड दूध किंवा लिंबू-सोडा, जुलाबात पोटाला आराम, तान्ह्या बाळाला मधातून हिंग. एवढं केलं की डॉक्टरची पायरी चढायला नको.

घरगुती उपायांना आमचा विरोध नाही; यातल्या बऱ्याच वस्तू गुणाच्या आहेत. पण किती घ्यायचं, किती दिवस घ्यायचं आणि कोणी घ्यायचं नाही, यातलं काहीच न सांगता सोनामुखीसारखं औषध घरोघरी वाटलं जातंय. त्याला आमची हरकत आहे.

‘आतड्याला किलोकिलोने जुना मळ चिकटलेला असतो’

असा थर नसतो. आतड्याचं आतलं अस्तर सतत झडत असतं आणि साधारण ३ ते ५ दिवसांत नवं येतं. त्यावर बुळबुळीत स्रावाचा लेप असतो. वर्षानुवर्षं काही चिकटून राहावं अशी ती जागाच नाही. कोलोनोस्कोपीआधी रेचक द्रव पाजून आतडं रिकामं करतात, तेव्हा दुर्बिणीतून निरोगी माणसाची भिंत गुलाबी आणि चकचकीत दिसते.

पुरावा म्हणून काळपट, दोरखंडासारख्या शौचाचे फोटो फिरतात. ‘आतडी शुद्ध करणाऱ्या’ अनेक पावडरींत इसबगोलासारखा तंतू किंवा चिकणमाती असते. ती पाणी शोषून फुगते आणि आतड्याचाच आकार घेऊन बाहेर पडते. म्हणजे फोटोत दिसते ती पावडरच.

मळाचा खडा होऊन अडकणं मात्र खरं आहे. ते गुदाशयात घडतं, आणि बहुधा वयस्कर, अंथरुणाला खिळलेल्या किंवा अफूजन्य वेदनाशामकं घेणाऱ्या माणसांत. त्यात एक फसवी गोष्ट असते: खड्याच्या बाजूने पातळ शौच झिरपतं, कपडे खराब होतात, आणि घरच्यांना वाटतं जुलाब लागले. मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि खडा आणखी घट्ट बसतो. बरेच दिवस नीट शौच नाही आणि आता नुसतं पाणी झिरपतंय, असं असेल तर चूर्णही नको आणि ती गोळीही नको. डॉक्टरांकडून तपासून घ्यावं; बहुतेकदा एनिमा लागतो.

‘रोज सकाळी झालंच पाहिजे’

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं निरोगी माणसांत बसतं. किती वेळा जातो यापेक्षा शौच कसं होतं ते पाहावं. खड्यांसारखं कडक होतंय, कुंथावं लागतंय, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतंय, तर तो बद्धकोष्ठ. एक दिवसाआड पण मऊ आणि सहज होत असेल, तर काहीही करायची गरज नाही. या एका गैरसमजातून कितीतरी निरोगी माणसं रोज रेचक घेऊ लागतात, आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू होतो.

‘सोनामुखी नैसर्गिक आहे, रोज घेतली तरी चालते’

सोनामुखीच्या पानांत सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात. ती जठरात आणि लहान आतड्यात फारशी शोषली जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात, आणि त्यातून तयार झालेलं द्रव्य आतड्याच्या भिंतीला चाळवतं. आकुंचन वाढतं, पाणी शोषलं जाणं कमी होतं. म्हणून रात्री घेतलेल्याचा परिणाम ६ ते १२ तासांनी, सकाळी दिसतो. हे चांगलं, खात्रीचं औषध आहे आणि डॉक्टरही ते देतात.

प्रश्न मात्रेचा आहे. प्रौढाला एका वेळी साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम सेनोसाइड पुरतात. सुकलेल्या पानांत ती दोन ते तीन टक्के धरली, तर एक ग्रॅम पानातच २० ते ३० मिलिग्रॅम येतात. नुसत्या पानांची पूड चमचाभर घेतली तर ती दोन-तीन ग्रॅम सहज भरते, म्हणजे मात्रेच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. संदेशातला ‘चमचाभर’ म्हणूनच धोक्याचा आहे. बाजारातल्या ‘पोट साफ’ चूर्णांपैकी अनेकांत सोनामुखीच मुख्य असते. डब्यावर बारीक अक्षरांत घटक दिलेले असतात, ते वाचावेत. दोन वेगवेगळी चूर्णं एकत्र घेणारे लोक नकळत तीच वनस्पती दोनदा घेत असतात.

जास्त मात्रेत पोटात मुरडा येतो, पाण्यासारखे जुलाब होतात, आणि त्यातून पोटॅशियम जातं. पोटॅशियम उतरलं की पायांत गोळे, अशक्तपणा आणि हृदयाचे ठोके अनियमित होणं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला हे जिवावर बेतू शकतं, आणि अशा गोळ्या ज्या उतारवयात चालू असतात, नेमके त्याच वयाचे लोक हे चूर्ण आवडीने घेतात. महिनोन्महिने घेतल्यास मोठ्या आतड्याचं अस्तर काळपट तपकिरी होतं. तो रंग स्वतः अपाय करत नाही आणि औषध बंद केल्यावर हळूहळू जातो, पण दुर्बिणीतून दिसला की सोनामुखीसारखं रेचक बराच काळ चाललंय हे डॉक्टरांना कळतं. स्वतःहून घ्यायची असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, आणि एका आठवड्यापुढे सल्ल्याशिवाय नको. गरोदरपणात, १२ वर्षांखालच्या मुलांना आणि आतड्याला सूज असलेल्यांना स्वतःच्या मनाने देऊ नये.

‘सवय लागत नाही’

सवय कशी लागते ते नीट समजून घेण्यासारखं आहे. जोरदार रेचकाने मोठं आतडं जवळजवळ सगळं रिकामं होतं. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शौचाला न होणं अगदी स्वाभाविक आहे. पण माणूस घाबरतो, ‘परत बद्धकोष्ठ झालं’ म्हणतो आणि रात्री पुन्हा चमचा घेतो. आतड्याला भरायची संधीच मिळत नाही. काही महिन्यांनी एका चमच्याचे दोन होतात.

यातून बाहेर पडताना चूर्ण एका दिवसात तोडू नये. आधी आठवडाभर इसबगोल आणि पाणी सुरू करावं, चूर्ण चालू ठेवावं. पुढच्या आठवड्यात चूर्ण एक दिवसाआड. मग आठवड्यातून दोनदा, मग फक्त तीन दिवस काहीच झालं नाही तर. मधल्या रिकाम्या दिवसांना घाबरायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवलं तर बहुतेकांना जमतं. वर्षानुवर्षं घेत असाल किंवा हृदयाची, मूत्रपिंडाची औषधं चालू असतील तर हे डॉक्टरांना सांगून करावं.

आणि बद्धकोष्ठाचं कारण गोळ्यांच्या डब्यात तर नाही ना, ते पाहावं. लोह, कॅल्शियम, रक्तदाबाच्या काही गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, सगळ्यांनी शौच कडक होतं. थायरॉइड मंदावल्यानेही होतं, आणि त्यावर कुठलंही चूर्ण उपयोगाचं नाही.

‘महिन्यातून एकदा एरंडेल’

आपल्याकडे मुलांना ठरावीक वारी नाक दाबून एरंडेल पाजायची जुनी पद्धत होती. एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्याला आणि गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावतं. दोन ते सहा तासांत धुवून काढतं. निरोगी मुलाला त्याची काहीच गरज नसते. गरोदर बाईने घेऊच नये. लहान मूल रडत असताना जबरदस्तीने तेल पाजलं की ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येऊ शकते, आणि ती सहजी जात नाही.

मग काय करावं?

इसबगोल. गुजरात आणि राजस्थानात पिकणाऱ्या या बियांची साल पाणी धरून ठेवते आणि शौचाला मऊपणा देते. ती आतड्याला चाळवत नाही, म्हणून रोज घेतली तरी चालते. सपाट मोठा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. एक मोठा पेला (सुमारे २५० मिलिलिटर) पाण्यात टाकून ढवळायचं, घट्ट व्हायच्या आत प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. आठवडाभर दिवसातून एकदा, मग लागलं तर दोनदा. एकदम जास्त घेतलं की पोट फुगतं आणि लोक दोन दिवसांत सोडून देतात. परिणाम १२ ते ७२ तासांनी येतो, त्यामुळे ‘रात्री घेतलं, सकाळी काही झालं नाही’ ही तक्रार चुकीची. कोरडं तोंडात टाकून घोटभर पाणी प्यायलं तर ते अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास असलेल्यांनी आणि आतडं अरुंद झालेल्यांनी घेऊ नये. बाकीच्या गोळ्या दोन तास मागेपुढे ठेवाव्यात.

‘दह्यातून घेतलं तर जुलाब थांबतात, दुधातून घेतलं तर होतात’ असंही सांगतात. सौम्य जुलाबात इसबगोल जादाचं पाणी धरतो, बद्धकोष्ठात तोच कडक शौचाला पाणी देतो. काम सालीचं आहे, दह्यादुधाचं नाही. अर्थात दूध न पचणाऱ्याला दुधाने जुलाब होतील, ते वेगळं.

याच्या जोडीला ज्वारीची भाकरी, सालीसकट पेरू, भिजवलेले अंजीर, पालेभाजी आणि उसळ. सकाळी काही खाल्ल्यावर आतड्याला आपोआप जोर येतो, म्हणून न्याहारीनंतर अर्ध्या तासात बसावं, चहा पीत ती वेळ दवडू नये. कमोड असेल तर पायांखाली २० सेंटिमीटर उंच पाट ठेवावा. गुडघे कंबरेच्या वर आले की गुदाशयाचा मार्ग सरळ होतो आणि कुंथणं कमी होतं. यासाठी ना चूर्ण लागतं ना पैसे, पण संदेशात याचा उल्लेख कधीच नसतो.

‘आम्लपित्तावर थंड दूध, लिंबू-सोडा’

दूध थोडा वेळ आम्ल मारतं, मग त्यातल्याच प्रथिनांनी आणि कॅल्शियमने जठर जास्त आम्ल सोडतं. अर्ध्यापाऊण तासाच्या आरामासाठी दर रात्री पेलाभर दूध घेण्यात अर्थ नाही. लिंबू-सोड्यात तर लिंबाचं आम्ल आणि खाण्याचा सोडा पेल्यातच एकमेकांना मारतात. फेस आला म्हणजे तेवढा सोडा संपला. नुसता सोडा आम्ल मारतो, पण एका छोट्या चमच्यात १२०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो टाळावा. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवणं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन १५ ते २० सेंटिमीटर उंची वाढवणं आणि डाव्या कुशीवर झोपणं जास्त उपयोगी. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि जळजळ वाढते.

‘जुलाबात पोटाला आराम द्या’

‘आराम’ म्हणजे खाणंपिणं बंद, आणि या एका वाक्याने मुलं दगावतात. जुलाबात जीव जातो तो पाणी आणि मीठ संपल्याने. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषलं जातं आणि त्यामागोमाग पाणी. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर साखर-मिठाचं पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले.

दुकानातलं ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच उत्तम, आणि पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला घातक, म्हणून चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्यावं आणि नवं करावं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध, भात, पेज चालू ठेवावी. कोकणातली मीठ घातलेली तांदळाची पेज याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे साखरेचं काम तांदळाचं पिष्ट करतं. डॉक्टर १४ दिवस झिंक देतात, ते जुलाब थांबले तरी पूर्ण करावं.

‘तान्ह्याला मधातून हिंग’

एक वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंपासून बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठच असतं. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय हिंग, घुटी, पाणी काहीच नको. दीड महिन्यापुढचं, फक्त अंगावर पिणारं बाळ कधीकधी आठवडाभरही शी करत नाही. ती मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर ते बद्धकोष्ठ नव्हे.

‘डॉक्टरची पायरी चढायला नको’

शौचात रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, प्रयत्न न करता वजन उतरणं, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं: यांपैकी काहीही असेल तर चूर्णाने वेळ घालवू नये. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी सहा तास झाली नाही, तर ओआरएस पाजत पाजतच रुग्णालय गाठावं. आणि पोटात जोराची, वाढत जाणारी कळ असताना, विशेषतः बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेली, सोबत उलटी किंवा ताप असताना, एरंडेल किंवा सोनामुखी देऊ नये. अपेंडिक्स सुजलं असेल तर रेचकाने ते फुटण्याचा धोका वाढतो. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वायूही सरत नाही, तर आतडं अडकलेलं असू शकतं; तेव्हा तोंडाने काहीही न देता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं.